टॅक्रोलिमस सुरू झालंय? मग आधी घरातलं घड्याळ लावून घ्या

इंदूरच्या दवा बाजारात एका ठोक विक्रेत्याकडे मी अकरा वर्षं फार्मासिस्ट होते. टॅक्रोलिमसच्या, म्हणजे बसवलेला अवयव शरीराने नाकारू नये म्हणून रोज घ्यायच्या औषधाच्या, किती स्ट्रिपा हातांखालून गेल्या, त्याचा हिशोब नाही. पण हे औषध मला खरं कळलं ते आमच्या राजेंद्र नगरच्या घरात येऊन बसल्यावर. सासूबाईंनी आपली एक किडनी ह्यांना दिली, त्याला आता सात वर्षं झाली. तेव्हापासून आमच्या घरातला दिवस सकाळी आठ आणि रात्री आठ या दोन खुंट्यांना टांगलेला आहे.

इंदूरमध्ये आता प्रत्यारोपण नवलाईचं राहिलेलं नाही. ग्रीन कॉरिडॉरची, म्हणजे अवयव वेळेत पोचावा म्हणून रस्ता मोकळा केल्याची, बातमी आली की लोक रस्त्याच्या कडेला उभे राहून टाळ्या वाजवतात. पण त्यानंतरची वर्षानुवर्षांची गोळी घरच्यांनी कशी सांभाळायची, हे फारसं कोणी बसून सांगत नाही. डिस्चार्जच्या दिवशी हातात कागद देतात आणि त्या गोंधळात तो कागद फाइलमध्ये जाऊन बसतो. म्हणून हे सविस्तर लिहितेय. डोस किती हे तुमचे डॉक्टरच ठरवणार, त्यात मी पडत नाही. मला सांगायचंय ते एवढंच की चिठ्ठीवर लिहिलेला डोस आणि अंगाला लागलेला डोस ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी बऱ्याच अंशी आपल्या घरात ठरते.

आधी गोळीचा प्रवास समजून घ्या

१९८४ साली जपानमध्ये त्सुकुबा इथल्या मातीतल्या एका जिवाणूपासून हे औषध सापडलं. नावातला पहिला ‘ट’ त्सुकुबाचाच. सुरुवातीला त्याला एफके-५०६ म्हणत. १९८९ मध्ये पिट्सबर्गला थॉमस स्टार्झल या सर्जननी ते यकृत प्रत्यारोपणाच्या रुग्णांना पहिल्यांदा दिलं आणि १९९४ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. मातीतून आलेलं औषध घेणाऱ्यांना कुंड्यांची माती मात्र हातमोजे घालूनच हाताळायला सांगतात, याची मला गंमत वाटते. प्रतिकारशक्ती दबलेली असते आणि मातीत बुरशी असते, म्हणून.

काम कसं करतं? आपल्या रक्तातल्या टी पेशी नवी किडनी ‘परकी’ म्हणून ओळखतात आणि मदतीला फौज बोलावतात. त्या बोलावण्यासाठी पेशीत कॅल्सिन्युरिन नावाचं एन्झाइम लागतं. टॅक्रोलिमस पेशीतल्या एका प्रथिनाला चिकटून या एन्झाइमला गप्प करतं. पेशी मरत नाही, पण तिची हाक बाहेर जात नाही.

आता घरच्यांच्या कामाचा भाग. तोंडावाटे घेतलेल्या गोळीपैकी सरासरी जेमतेम पाव भाग रक्तात पोचतो. बाकीचं बरंचसं आतड्याच्या भिंतीतच कापलं जातं. तिथे सीवायपी३ए४ आणि सीवायपी३ए५ ही एन्झाइमं बसलेली असतात, शिवाय औषधाला परत आतड्यात ढकलणारा एक पंपही असतो. तिथून सुटलं तर पुढे यकृतात तीच एन्झाइमं पुन्हा वाट अडवतात. उरलेलं रक्तात शिरतं आणि बहुतांश तांबड्या पेशींत जाऊन बसतं. बाहेर पडतं ते पित्तावाटे शौचातून. लघवीतून मूळ रूपात एक टक्काही जात नाही.

एवढं डोक्यात ठेवलंत तर पुढची प्रत्येक पायरी आपोआप उलगडेल. आतड्याच्या दारावरचा हा पहारेकरी झोपला तर रक्तात औषध जास्त घुसतं, आणि तो जास्त कडक झाला तर कमी.

हा पहारेकरी माणसागणिक वेगळाही असतो. काहींच्या जनुकांमुळे सीवायपी३ए५ जोरात चालतं. अशांना इतरांच्या दीडपट ते दुप्पट डोस लागू शकतो. आफ्रिकी वंशाच्या बहुतेकांत ते चालू असतं, युरोपीय वंशाच्या बहुतेकांत बंद, आणि आपण भारतीय मधेच कुठेतरी. त्यामुळे वेटिंग रूममध्ये शेजारच्या काकांना दोन मिलिग्रॅम आणि आपल्याला सहा का, या प्रश्नाने हैराण होऊ नका.

गोळीची वेळ ठरवण्याआधी लॅबची वेळ विचारा

हे मला कोणी सांगितलं नाही, चुकून शिकले. साधी टॅक्रोलिमस बारा तासांच्या अंतराने दोनदा घ्यायची असते. आम्ही सुरुवातीला सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा धरली, कारण हे पहाटे उठणारे. पण औषध रक्तात किती आहे ते बघायला रक्त तपासायचं असतं सकाळच्या गोळीच्या अगदी आधी, आणि आमची लॅब उघडायची साडेसातला. म्हणजे तपासणीच्या दिवशी गोळी दीड-दोन तास लांबणार, आकडाही चौदा तासांनंतरचा येणार. मग आम्ही आठ-आठ केलं. लॅब कधी उघडते, तिथवर पोचायला किती वेळ लागतो, हे बघून मगच डॉक्टरांना वेळ सुचवा.

रात्रीची वेळ ठरवताना लग्नांचा विचार करा. हसताय? इंदूरच्या लग्नात रात्री साडेनऊच्या आधी ताट हातात पडत नाही. आठची गोळी आम्ही पाण्याची छोटी बाटली सोबत नेऊन गाडीतच उरकतो.

पोहे नंतर

तेलातुपाच्या भरपेट जेवणासोबत गोळी घेतली तर एकूण शोषण एक-तृतीयांशाहून थोडं जास्त घटतं आणि रक्तातलं शिखर तर तीन-चतुर्थांशाने खाली येतं. पिष्टमय खाण्यानेही घट होते, थोडी कमी. म्हणजे सेव-जिरावण घातलेले पोहे आणि वर जिलबी हा आपला सकाळचा बेत गोळीसोबत नको. गोळी खाण्याआधी एक तास किंवा खाऊन दोन-तीन तासांनी घ्यायची. आमच्याकडे आठला गोळी आणि नऊला पोहे. सुरुवातीचे दोन महिने ह्यांनी त्या तासाभरात तोंड वाकडं करून दाखवलं, आता पेपर वाचतात.

एखाद्याला रिकाम्या पोटी मळमळतंच. अशांना डॉक्टर थोडं खाऊन घ्यायची परवानगी देतात. मग रोज तसंच घ्या. एक दिवस उपाशीपोटी आणि एक दिवस कचोरीवर, असं केलंत तर आकडा नाचणारच.

ग्रेपफ्रूट आणि त्याचा भाऊ पपनस ही फळं पूर्ण बंद. त्यांचा रस आतड्यातल्या त्या पहारेकऱ्याला निजवतो, आणि त्याचा असर एका दिवसात उतरत नाही. बाजारात पपनस चकोतरा या नावाने मिळतं, म्हणून फळवाल्याला दोन्ही नावं विचारा. मोसंबी आणि संत्र्याला या कारणासाठी अडचण नाही. शहाळ्याचं मात्र डॉक्टरांना विचारा, कारण टॅक्रोलिमसने पोटॅशियम वाढतं आणि शहाळ्यात ते भरपूर असतं.

लेव्हलचा दिवस

तपासायची ती ‘ट्रफ’ पातळी, म्हणजे दोन डोसांच्या मधली सगळ्यात खालची. गोळी घेतल्यावर साधारण दीड ते तीन तासांत औषध रक्तात शिखरावर जातं आणि मग उतरत जातं. बारा तासांनी, पुढची गोळी पोटात जायच्या क्षणाआधी, जो आकडा येतो त्यावर डॉक्टरांचा सगळा हिशोब बांधलेला असतो.

आमच्या घरी हा दिवस असा जातो. आदल्या रात्री आठची गोळी घेतली की मी वहीत मिनिटासकट वेळ लिहिते. सकाळची गोळी ह्यांच्या शर्टच्या खिशात, पाकिटासकट. फ्रिजवरचा औषधाचा डबा मी त्या दिवशी कपाटात ठेवते, कारण सात वर्षांची सवय हाताला असते. हात डब्याकडे आपोआप जातो आणि गोळी तोंडात पडल्यावर आठवतं. पावणेआठला लॅबमध्ये. रक्त घेताना नळीचं झाकण जांभळं आहे ना, ते बघायचं. टॅक्रोलिमस तांबड्या पेशींत बसलेलं असतं, त्यामुळे न गोठलेलं पूर्ण रक्त लागतं. नुसतं वरचं पाणी तपासून काही उपयोग नाही. फॉर्मवर ‘शेवटची गोळी रात्री ८.०५’ असं लिहून घ्यायचं, रकाना नसला तरी कोपऱ्यात. सुई निघाली, कापूस दाबला, की तिथेच गोळी.

एकदा घरी रक्त घ्यायला येणारा मुलगा साडेसातचं सांगून दहाला उगवला. ह्यांनी नऊ वाजता वाट बघून गोळी घेऊन टाकली होती. त्याला सांगितलं, तर तो म्हणाला, “आंटी, कोई फरक नहीं पड़ता, भिया का फास्टिंग तो है ना!” रक्त दिलं. रिपोर्ट आला १८. दुपारी हॉस्पिटलच्या प्रत्यारोपण कोऑर्डिनेटरचा फोन, डोस कमी करायचाय. मी गोळीची वेळ सांगितली तेव्हा त्या बाई थांबल्या आणि म्हणाल्या, “मग हा कागद फाडून टाका, परवा पुन्हा द्या.” परवा आला ६.८. तो डोस कमी झाला असता तर किडनी उघडी पडली असती. म्हणून तुम्हीही हे वाक्य पाठ करा: गोळी घेतली गेली असेल तर रक्त द्यायचंच नाही, दुसऱ्या दिवशी जायचं.

दोन गोष्टी आणखी. लॅब शक्यतो बदलू नका. काही ठिकाणी इम्युनोअॅसेने तपासतात, काही ठिकाणी मास स्पेक्ट्रोमेट्रीने. पहिली पद्धत औषधाचे तुकडेही मोजून बसते, म्हणून तिचा आकडा थोडा चढा येऊ शकतो. आज इथे, उद्या तिथे केलं तर फरक औषधाचा की यंत्राचा, ते कळणार नाही. दुसरं, डोस बदलल्यावर दुसऱ्याच दिवशी तपासायला धावू नका. प्रत्यारोपणाच्या रुग्णात औषधाचं अर्धायुष्य, म्हणजे रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ, बारा तासांच्या आसपास धरलं, तर पातळी स्थिर व्हायला त्याच्या पाचपट, म्हणजे साठेक तास लागतात. काहींचं अर्धायुष्य बरंच लांब असतं. डॉक्टर तीन दिवसांनी किंवा त्याहून उशिरा बोलावतात ते म्हणून.

आकडा आला, आता काय बघायचं

एकक असतं नॅनोग्रॅम प्रति मिलिलीटर. किडनीच्या रुग्णांना पहिले काही महिने बऱ्याच ठिकाणी आठ ते बाराच्या आसपास ठेवतात आणि पुढे खाली आणतात. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सिम्फनी नावाच्या मोठ्या अभ्यासात १,६४५ रुग्ण होते. त्यात मायकोफेनोलेट (प्रतिकारशक्ती दाबणारं दुसरं औषध) आणि स्टेरॉइडच्या जोडीने टॅक्रोलिमस ३ ते ७ या कमी पातळीत ठेवलेल्या गटाची किडनी सगळ्यांत चांगली चालली. तुमचं लक्ष्य काय, हे तुमच्या डॉक्टरांकडून आकड्यात लिहून घ्या. रिपोर्टवर छापलेली ‘नॉर्मल रेंज’ तुमच्यासाठी नसते.

आकडा एकटा वाचू नका. वहीत पाच रकाने आखा: तारीख, शेवटच्या गोळीची वेळ, डोस, लेव्हल, क्रिएटिनिन (रक्तातला हा आकडा चढला तर किडनी मंदावली असं समजतात). शेवटी ‘काही वेगळं’ असा एक रुंद रकाना ठेवा. त्यात जुलाब, नवं औषध, प्रवास, चुकलेली गोळी, सगळं. आमच्या डॉक्टरांनी एकदा संगणक बाजूला सारून ती वहीच पुढे ओढली होती.

लेव्हलला दिवसाच्या एकूण डोसने भागून बघा. दिवसाला ६ मिलिग्रॅम आणि लेव्हल ६, तर उत्तर १. दिवसाला २ मिलिग्रॅम आणि लेव्हल ७, तर साडेतीन. हे उत्तर १.०५ च्या खाली असेल तर शरीर औषध जलद कापतंय असं मानतात, आणि अशा रुग्णांवर जास्त बारीक लक्ष ठेवतात. हा भागाकार तुम्हाला डोस बदलायला नाही. डॉक्टरांना चांगला प्रश्न विचारायला आहे. आणि त्याच डोसवर आकडा कधी ४, कधी ११, कधी ५ असा उड्या मारत असेल, तर सरासरी कितीही छान दिसो, ते किडनीसाठी वाईट. अशा वेळी आधी घरातच शोधा, कारण बहुतेकदा ते घड्याळात किंवा ताटात सापडतं.

दुसऱ्या औषधांचा पहारा

खरा घोटाळा इथे होतो. तिसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात ह्यांच्या काखेत नायटा झाला. जवळच्या एका डॉक्टरांनी बुरशीवरचं फ्लुकोनॅझोल दिलं. माझी नोकरी सुटून बरीच वर्षं झाली होती आणि त्या आठवड्यात मी माहेरी देवासला होते. परत आले त्या दिवशी चहा दिला, तर ह्यांच्या हातातल्या बशीवर कप किणकिणत होता. बँकेच्या फॉर्मवरची सही सुतासारखी थरथरलेली. मी टेबलावरची चिठ्ठी वाचली आणि पोटात गोळा आला. लेव्हल १७, क्रिएटिनिन १.२ वरून १.७. डोस उतरवला, तेव्हा दहा दिवसांनी सगळं पूर्ववत झालं. चूक एकट्या डॉक्टरांची नव्हती, ह्यांनी टॅक्रोलिमसचं नावच काढलं नव्हतं. म्हणाले, “ते रोजचं आहे, त्याचं काय सांगायचं!”

पातळी चढवणाऱ्यांची नावं पाकिटात ठेवा: फ्लुकोनॅझोल, इट्राकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल, केटोकोनॅझोल यांसारखी बुरशीची औषधं; क्लॅरिथ्रोमायसिन आणि एरिथ्रोमायसिन; रक्तदाबाची डिल्टियाझेम आणि व्हेरापामिल. कोविडवर निघालेल्या एका गोळीत रिटोनाविर असतं. त्याने काही दिवसांत पातळी धोक्याच्या वर जाऊ शकते. गंमत म्हणजे आपल्याकडे डॉक्टर डिल्टियाझेम कधी मुद्दाम देतात, म्हणजे टॅक्रोलिमस कमी लागतं आणि खर्च वाचतो. ते ठरवून केलेलं असतं. म्हणून ती गोळी ‘आता बीपी बरं आहे’ म्हणून घरच्या घरी बंद केलीत, तर लेव्हल धाडकन खाली येईल.

उलट बाजूला सगळ्यांत दणकट नाव म्हणजे क्षयरोगावरचं रिफाम्पिसिन. ते पहारेकऱ्यांची फौजच उभी करतं, आणि टॅक्रोलिमस काही पटींनी वाढवलं तरी पुरत नाही अशी वेळ येते. आपल्या देशात टीबी काही दूरचा पाहुणा नाही. खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणं दिसलं तर किडनीच्या डॉक्टरांना कळवल्याशिवाय टीबीचा कोर्स सुरू होता कामा नये. फिट्सची फेनिटॉइन, कार्बामाझेपिन आणि फेनोबार्बिटोन हीदेखील याच पंक्तीतली.

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांचा पातळीशी संबंध नाही, पण ती किडनीवर टॅक्रोलिमसच्या जोडीने घाव घालतात. अंगदुखीला आमच्या घरात फक्त पॅरासिटामॉल. काढ्यांचं सांगते, रागावू नका. गुळवेल ‘इम्युनिटी वाढवायला’ घेतात, आणि आपण इथे ती पैसे खर्च करून दाबतोय. भाजी-आमटीतली हळद चालते, हळदीच्या कॅप्सूल नकोत. शेजारणीने प्रेमाने आणलेला काढा मी हसून घेते आणि मोरीत ओतते.

जुलाब लागले तर

इथे बहुतेकांचा अंदाज उलटा पडतो. एका जूनमध्ये ह्यांना जुलाब लागले. सासूबाई म्हणाल्या, “अगं, पोटातलं सगळं वाहून गेलं असणार. एक गोळी जास्त दे त्याला.” त्यांचीच किडनी, त्यांची काळजी मला कळत होती. पण होतं नेमकं उलट. जुलाबात आतड्याची भिंत सुजते, तिथली एन्झाइमं आणि तो पंप मंदावतो, आणि औषध नेहमीपेक्षा जास्त आत शिरतं. त्यात अंगातलं पाणी कमी झालेलं, म्हणजे किडनीवर दुहेरी भार. जास्तीची गोळी द्यायची नाही, आपल्या मनाने बंदही करायची नाही. कोऑर्डिनेटरला फोन, भरपूर पाणी, आणि लेव्हल. सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीतली चटणी, कापून ठेवलेली फळं आणि बाहेरचा बर्फ आमच्याकडे बंद आहे. भुट्ट्याचा कीस मी घरी करते, गरमागरम.

उलटीत गोळी पडली किंवा गोळी चुकली तर काय करायचं, याचा नियम तुमच्या टीमकडून आधीच लिहून घ्या, रात्री अकराला शोधायची वेळ येऊ देऊ नका. दोन डोस एकत्र मात्र कधीच नाहीत.

फोन कधी करायचा

हात थरथरणं, डोकं ठणकणं, झोप उडणं, तळपायाला मुंग्या ही पातळी चढल्याची खूण असू शकते. ताप, लघवी कमी होणं, पायावर सूज, नव्या किडनीच्या जागी दुखणं, यांत सकाळची वाट बघायची नाही. साखर वर्षानुवर्षं तपासत राहा. हे औषध मधुमेह नव्याने आणू शकतं. रक्तदाब आणि पोटॅशियम चढतात, मॅग्नेशियम उतरतं. केस थोडे विरळ होतात. उन्हात त्वचा जपायची, कारण दीर्घकाळात त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढतो. जिवंत विषाणूंच्या लसी वर्ज्य. घरातल्या बाळाला पोलिओचे थेंब द्यायचे असतील तर आधी विचारा. मूल हवं असलेल्या मुलींनी दिवस राहण्याच्या आधीच डॉक्टरांशी बोलावं. टॅक्रोलिमस बऱ्याचदा चालू ठेवतात, पण सोबतचं मायकोफेनोलेट किमान सहा आठवडे आधी बंद करावं लागतं.

मलम लावणाऱ्यांनी घाबरू नये

हेच औषध ०.०३ आणि ०.१ टक्क्याच्या मलमात एक्झिमावर मिळतं, कोडावरही त्वचारोगतज्ज्ञ देतात. मुलांच्या डोळ्यांच्या हट्टी अॅलर्जीवर डोळ्यात घालायचं वेगळं मलम असतं. यातून रक्तात फारच थोडं जातं, तिथे लेव्हलची भानगड सहसा नाही. स्टेरॉइडला दाद न देणाऱ्या नेफ्रॉटिक सिंड्रोममध्ये (लघवीतून प्रथिनं वाहून जाण्याचा विकार) किंवा ल्युपसच्या (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार) किडनीविकारात मात्र कॅप्सूलच घ्यावी लागते. त्यांना वरचं सगळं लागू.

साठा

ब्रँड ठरला की तोच ठेवा. दुकानदार ‘सेम है’ म्हणाला तरी डॉक्टरांना विचारून आणि नंतर लेव्हल करूनच बदल. दिवसातून एकदाची संथ सुटणारी गोळी आणि दोनदाची साधी, ही अदलाबदल तर कधीच नाही. खोक्यावरचं सगळं नाव वाचा. मी काउंटरवर उभी राहिलेली आहे, घाईत स्ट्रिप कशी निसटते ते मला माहीत आहे. कॅप्सूल ओल धरते, म्हणून घ्यायच्या क्षणीच पाकिटातून काढा. आठवड्याच्या डब्यात सुट्या भरून ठेवू नका. मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर पाकीट विसरायचं नाही.

पंधरा दिवसांचा साठा उरला की मी नवं मागवते. प्रवासात गरजेच्या दुप्पट नेते, अर्धं माझ्या पर्समध्ये आणि अर्धं ह्यांच्या बॅगेत. मागच्या वर्षी पुण्याच्या लग्नात ह्यांची बॅग बसच्या डिकीत राहून गेली. ती दुसऱ्या दिवशी दुपारी मिळाली, आणि आठची गोळी त्या रात्री माझ्या पर्समधून निघाली.